गळका इंजेक्टर : निदानात आणि दुरुस्तीत या चुका टाळा

मुंबईतल्या हौशी मालकाची टर्बो गाडी धावते कमी आणि उभी जास्त राहते. रविवारी पहाटे ईस्टर्न फ्रीवेवर किंवा सी लिंकवर एखादी फेरी होते, एरवी ती सोसायटीच्या बेसमेंटमध्ये कव्हराखाली असते, आणि पावसाळ्यात तर आठवडेच्या आठवडे तिला कोणी हात लावत नाही. उभ्या गाडीतल्या पेट्रोलचा हलका भाग उडून जातो, उरलेल्याचा चिकट थर इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरच्या टोकाशी साचतो आणि आतली झडप आपल्या बैठकीवर पूर्ण टेकेनाशी होते. त्यानंतरची तक्रार ठरलेली असते: गरम गाडी बंद करून अर्ध्या तासाने सुरू करायला गेले की सेल्फ लांबतो, सुरू होताना पेट्रोलचा वास येतो आणि सायलेन्सरमधून काळा धूर निघतो. इथवर सगळे जण बरोबर ओळखतात. चुका सुरू होतात त्या यापुढे.

पहिली आणि सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे लक्षणे दिसताच चारही इंजेक्टर बदलायला सांगणे. मिश्रण श्रीमंत होण्याची, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त जाण्याची, इतर कारणेही तितकीच नेहमीची आहेत. टाकीतली वाफ इंजिनात सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकला तरी हीच लक्षणे दिसतात, आणि टाकी भरल्यानंतर लगेच गाडी सुरू व्हायला त्रास देत असेल तर संशय आधी त्याच्यावर घ्यावा. रीमॅप करून, म्हणजे इंजिनाच्या संगणकाचे प्रोग्रामिंग बदलून, मोठे इंजेक्टर बसवलेल्या गाडीत तर इंजेक्टरच्या उघडण्याच्या विलंबाचे आकडे ट्यूनमध्ये, म्हणजे त्या प्रोग्रामिंगमध्ये, चुकीचे भरलेले असले की आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना) मिश्रण बिघडते. तिथे इंजेक्टर निर्दोष असतो. चूक लॅपटॉपवर झालेली असते.

म्हणून पाना हातात घेण्याआधी गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारा स्कॅनर लावावा. लाँग टर्म फ्युएल ट्रिम (संगणक पेट्रोलच्या प्रमाणात दीर्घकाळ करत असलेली दुरुस्ती, उणे म्हणजे कपात) आयडलला उणे दहा टक्क्यांच्याही खाली असेल आणि इंजिन अडीच-तीन हजार आरपीएमवर धरल्यावर शून्याकडे सरकत असेल, तर गळतीची शक्यता बळावते. आयडलला इंजिनाची गरज मुळातच थोडी असल्याने गळणारे थेंब तिथेच जास्त जाणवतात. उलट, सगळ्या वेगांवर ट्रिम सारखेच उणे असेल तर इंधनाचा दाब, हवेचा सेन्सर किंवा ट्यून तपासावे. स्कॅनरवर दिसणारा पी ०१७२ हा दोषाचा कोड मिश्रण श्रीमंत झाल्याचे सांगतो, पण ते कशामुळे झाले हे सांगत नाही. आणखी एक चाचणी फुकटात होते: बऱ्याच गाड्यांत ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारला की संगणक इंजेक्टर बंद ठेवतो. अशा वेळी एरवी अडून बसणारी गरम गाडी चटकन उठली, तर सिलिंडरमध्ये पेट्रोल आधीच साचले होते असे समजावे.

खरी कसोटी दाबाची असते आणि नेमकी तीच अर्धवट केली जाते. पोर्ट इंजेक्शनच्या गाड्यांत, म्हणजे पेट्रोल सिलिंडरबाहेर हवेच्या वाटेत फवारले जाते अशा गाड्यांत, रेलवरचा (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीतला) दाब साधारण तीन ते चार बार असतो. गेज जोडून, चावी फिरवून पंपाने दाब भरला की बंद करावे आणि काटा पाहावा. सुरुवातीला तो किंचित उतरणे स्वाभाविक असते. पुढे किती मिनिटांत किती उतार चालतो, हे त्या गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये दिलेले असते. काटा भराभर उतरला की मेकॅनिक इंजेक्टरला दोषी ठरवतो, पण दाब तीन वाटांनी जाऊ शकतो: पेट्रोल मागे जाऊ न देणाऱ्या पंपातल्या चेक व्हॉल्व्हमधून टाकीकडे, दाब नेमका राखणाऱ्या रेग्युलेटरमधून रिटर्न लाइनकडे (जादा पेट्रोल टाकीत परत नेणाऱ्या नळीकडे) किंवा इंजेक्टरमधून. दाब भरताच पुरवठ्याची रबरी नळी क्लॅम्पने बंद केली आणि काटा थांबला, तर दोष टाकीच्या बाजूला आहे. रिटर्न नळी बंद केल्यावर थांबला, तर रेग्युलेटर गेला. दोन्ही बंद असूनही उतरतच राहिला, तरच इंजेक्टर उतरवायला घ्यावेत. नायलॉनच्या कडक नळीला मात्र क्लॅम्प लावू नये, ती तडकते. तिथे कॉकचा, म्हणजे बंद करायची तोटी असलेला, ॲडॅप्टर वापरावा. रेग्युलेटरला व्हॅक्यूमची नळी असेल तर ती उपसून हुंगून पाहावी. तिच्यात पेट्रोल आढळले, तर रेग्युलेटरचा पडदा फाटला आहे आणि शोध तिथेच थांबतो.

हे सारे अबार्थ पुंटोच्या टी-जेटसारख्या पोर्ट इंजेक्शनच्या इंजिनाला लागू पडते. पोलो जीटी टीएसआयसारख्या डायरेक्ट इंजेक्शनच्या, म्हणजे पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या, गाडीत रेलवर शंभर बारच्या वर दाब असू शकतो आणि त्याची धार कातडीत घुसते, त्यामुळे तिथले जोड घरी सैल करण्याच्या फंदात पडू नये. अशा गाडीत ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल तर हाय-प्रेशर पंपाचे सीलही तपासून घ्यावे, कारण तो पंप कॅमशाफ्टवर चालतो आणि त्याचे सील गेले की पेट्रोल थेट ऑइलमध्ये उतरते.

जागेच्या निवडीतली चूक आपल्या शहरात विशेष धोक्याची आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बेसमेंटच्या फरशीवर पसरते, आणि त्याच बेसमेंटच्या कोपऱ्यात पाण्याच्या पंपाचा ऑटोमॅटिक स्विच केव्हाही ठिणगी टाकू शकतो. काम उघड्यावर, इंजिन पूर्ण गार झाल्यावर करावे. पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे, मग बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवावी आणि जोडाभोवती फडके धरून तो हळूहळू सैल करावा. ड्राय पावडरचा अग्निशामक सिलिंडर डिकीत नव्हे, हाताशी असावा.

बाहेरून ओल दिसत असेल तर बहुतेकदा दोष इंजेक्टरचा नसून त्याच्या ओ-रिंगचा, म्हणजे जोड बंद ठेवणाऱ्या रबरी कडीचा, असतो. इथे कंजुषी करू नये: इंजेक्टर एकदा उपसला की वरची आणि खालची अशा दोन्ही रिंगा नव्याच घालाव्यात. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर डब्यातून मापाने निवडून मिळणारी काळी रिंग बसते छान, परंतु ती कोणत्या रबराची आहे हे दुकानदारालाही ठाऊक नसते. आता पंपावर मिळणारे पेट्रोल वीस टक्के इथेनॉलचे आहे आणि एप्रिल २०२३ पूर्वीच्या अनेक गाड्यांचे रबरी भाग त्यासाठी बनवलेले नव्हते. म्हणून व्हिटॉन या इंधनाला टिकणाऱ्या रबराची, पार्ट नंबर जुळणारी रिंगच मागावी. बसवताना तिला स्वच्छ इंजिन ऑइलचे बोट लावून इंजेक्टर सरळ दाबावा. कोरडी रिंग कडेला चिरते आणि ती चीर नखाएवढीही नसल्याने रेल बसल्यावर दिसत नाही. डायरेक्ट इंजेक्टरच्या टोकावरचे टेफ्लॉन सील मात्र कोरडेच बसवायचे असते आणि त्याला मापात आणणारे खास हत्यार लागते.

आतल्या गळतीवर टाकीत क्लीनर ओतणे हा सर्वांत लोकप्रिय उपाय आहे. थर कोवळा असेल तर त्याचा थोडा उपयोग होतो. झिजलेली बैठक मात्र कोणत्याही बाटलीने भरून येत नाही. टोकात टाचणी किंवा तार घालणे तर निव्वळ नासधूस आहे, कारण त्याने फवाऱ्याचा आकार कायमचा बिघडतो. अल्ट्रासोनिक सफाई करून बेंचवर दाब देऊन गळती आणि प्रवाह दोन्ही मोजून घ्यावेत, आणि प्रत्येक इंजेक्टरचा आकडा लेखी मागावा. नुसते ‘साफ केले’ हे उत्तर स्वीकारू नये. सफाईनंतरही एखादा ठिबकत असेल तर तो बदलावा, आणि नव्याचा प्रवाह बाकीच्या तिघांशी जुळतो का ते पाहावे. टर्बो गाडीत पूर्ण बूस्टला, म्हणजे टर्बो पूर्ण दाबाने हवा भरत असताना, एकाच सिलिंडरला पेट्रोल कमी पडले, तर पिस्टन जाऊ शकतो.

शेवटची चूक म्हणजे इंजेक्टर नीट झाले की लगेच सेल्फ मारणे. गळती जास्त असेल तर एखाद्या सिलिंडरमध्ये द्रव पेट्रोल साचलेले असते. ते दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी प्लग काढावेत, इग्निशन आणि इंजेक्टरचे कनेक्टर सोडवावेत, प्लगच्या छिद्रांपासून दूर उभे राहून काही क्षण सेल्फ फिरवावा आणि उडालेली वाफ पूर्ण विरू द्यावी. डिपस्टिकवर पातळी वाढलेली असेल किंवा पेट्रोलचा वास येत असेल तर ऑइल आणि फिल्टर त्याच दिवशी बदलावेत, कारण पातळ झालेले ऑइल टर्बोच्या बेअरिंगला पुरत नाही. काळे पडलेले प्लगही बदलावेत. त्यानंतर इंजिन सुरू करण्याआधी चावी दोन-तीनदा फिरवून रेलवर दाब आणावा आणि टॉर्चच्या उजेडात प्रत्येक जोड कोरड्या पांढऱ्या कागदाने टिपून पाहावा. ट्रिम रीसेट करून आठवडाभर नेहमीच्या रहदारीत गाडी चालवावी आणि मगच स्कॅनर पुन्हा लावावा.