ब्रिटिश स्टोनवेअरच्या जुन्या बाटल्या घेताना या चुका टाळा

फ्लॅगन म्हणजे स्टोनवेअरची, अर्थात कडक भाजलेल्या मातीची, अरुंद तोंडाची मोठी बाटली. तिच्या पोटावर ठसठशीत अक्षरांत जे नाव दिसतं, ते बहुधा भांडं घडवणाऱ्याचं नसतं. ते वाइनच्या व्यापाऱ्याचं, ब्रुअरीचं किंवा जिंजर बीअरवाल्याचं असतं. पॉटरीचा शिक्का असलाच तर बुडाजवळ, ओल्या मातीत दाबलेला, बारीक: डोल्टन लॅम्बेथ, प्राइस ब्रिस्टल, पोर्ट डंडास. नवखे मोठं नाव वाचूनच निर्माता ठरवून मोकळे होतात. अर्थात व्यापाऱ्याचं नावही फुकट जात नाही. त्या गावाच्या जुन्या केली डिरेक्टरीत, म्हणजे व्यापाऱ्यांच्या छापील नावपत्त्यांच्या यादीत, तो कोणत्या वर्षांत दिसतो ते पाहिलं, की बाटलीचा काळ बराच आवळता येतो. खांद्यावरचा सुटा '२' हा आकडा मात्र अनेकदा नुसतं माप असतं, दोन गॅलन.

वर तपकिरी, खाली सायीच्या रंगाचा फ्लॅगन 'जॉर्जियन' (जॉर्ज राजांच्या काळचा, म्हणजे १८३० च्या आधीचा) म्हणून विकायला ठेवला असेल, तर विकणाऱ्याच्या बाकीच्या मालाकडेही जरा संशयानेच बघा. ही झिलई ब्रिस्टलच्या विल्यम पॉवेलने १८३५ च्या सुमारास आणली आणि बाजारात फिरणारा बहुतेक माल त्यानंतर कितीतरी वर्षांनी बनलेला असतो. तोंडात आतून आटे असतील तर बाटली १८७९ च्या आधीची नाही. हेन्री बॅरेटचं पेटंट त्या साली निघालं.

खरे पैसे बुडतात ते चित्रांपायी. कोरी जुनी बाटली स्वस्तात मिळते. तिच्यावर नवं चित्र चढवलं की किंमत फुगते, आणि बाटली खरी असल्याने गिऱ्हाईक गाफील राहतं. जुनी छपाई झिलईच्या खाली असते, त्यामुळे काठावरून नख फिरवलं तरी अडकत नाही. बाटली उजेडात तिरकी धरा: चित्रापुरतीच चकाकी वेगळी दिसते का? जुन्या ओरखड्यात किंवा टवक्यात शाई उतरलेली दिसली, तर बाटली तिथेच ठेवा. मग भाव करण्यातही अर्थ नाही.

मडकं घेताना मारतो तशी टिचकी मारा. बद्द आवाज आला तर कुठेतरी तडा आहे. रंग लावून लपवलेली डागडुजी अल्ट्राव्हायोलेट टॉर्चखाली बऱ्याचदा उघडी पडते.

उंच, सडपातळ, खांद्याशी छोटा कान असलेली तपकिरी बाटली इंग्रजी समजू नका. 'सेल्टर्स' किंवा 'नासाऊ' असा छाप असेल तर ती जर्मन मिनरल वॉटरची. आणि आपल्याकडे लोणच्याच्या दुरंगी बरणीला कुणी फ्लॅगन म्हणून विकू लागला, तर तोंड बघा. फ्लॅगनचं तोंड बुचापुरतं अरुंद असतं.

धुताना ब्लीच नको. ते तड्यातून आत शिरतं आणि वाळल्यावर क्षार फुलून झिलई सुटू शकते. तारेची घासणी ओरखडे पाडते. कोमट पाणी, सौम्य साबण आणि चिखल काढायला बांबूची काडी एवढं पुरतं. डागडुजी केलेली बाटली तर भिजतच घालू नये.

इंग्लंडमध्ये स्वतः उकरायला जाणार असाल तर जमीनमालकाची परवानगी आधी घ्या. लंडनच्या थेम्सकाठी ओहोटीच्या वेळी शोधायचं असेल, तर पोर्ट ऑफ लंडन ऑथॉरिटीचा परवाना लागतो.