पहिल्या मुक्कामी भटकंतीचे सामान कसे जमवावे

पाठीवर सामान घेऊन डोंगरात एक रात्र काढायची असे ठरले, की बहुतेक नवखे आधी मोठी सॅक विकत घेतात आणि मग ती भरण्यासाठी सामान शोधू लागतात. खरेदीचा क्रम याच्या नेमका उलट असावा. आधी बेत, मग पाण्याचा हिशेब, त्यानंतर बूट आणि अंथरूण-पांघरूण, आणि हे सगळे एकत्र मांडून पाहिल्यावर शेवटी सॅक.

बेत साधा असू द्यावा. कन्नड-सोयगावकडील अजिंठ्याची डोंगररांग किंवा बीड-धाराशिवकडील बालाघाटचे डोंगर, दिवाळी ते फेब्रुवारी हा काळ आणि एकच रात्र, एवढे पहिल्या वेळी पुरे आहे. गौताळा अभयारण्यात वनविभागाच्या परवानगीशिवाय मुक्काम करता येत नाही, संरक्षित किल्ल्यांमध्येही रात्री राहण्यास मनाई असते. म्हणून पायथ्याच्या गावातील शाळेचे आवार, मंदिर किंवा एखाद्याचे शेत, अर्थातच विचारून, मुक्कामासाठी आधीच ठरवून ठेवावे. जागा पक्की झाली की तंबू लागणार की नाही, हेही कळते.

आता पाणी. मराठवाड्यात सामानाचा हिशेब येथूनच सुरू करावा लागतो, कारण सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर वाटेत जसे झरे भेटतात तसे येथे हिवाळ्यात भेटतीलच असे नाही. अंतूर, वेताळवाडी यांसारख्या किल्ल्यांवर खडकात कोरलेली टाकी आहेत, परंतु त्यांतील पाणी पिण्याजोगे असेल असे गृहीत धरू नये. माणशी चार लिटर पाणी सोबत असावे, म्हणजेच पाठीवर चार किलो वजन आधीच पडले. सामान, पाणी आणि जेवण मिळून वजन आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त नसावे, असा सर्वमान्य ठोकताळा आहे. साठ किलोच्या माणसासाठी ही मर्यादा बारा किलोची होते. त्यातून पाण्याचे चार आणि जेवणाचा एक किलो वजा केला, तर सॅकसकट उरलेल्या सगळ्या सामानासाठी सातच किलो राहतात. पुढची प्रत्येक खरेदी या सात किलोंत बसवायची आहे. पाण्यासाठी जड स्टीलच्या बाटल्यांऐवजी प्लास्टिकच्या हलक्या बाटल्या घ्याव्यात आणि क्लोरीनच्या गोळ्या जवळ ठेवाव्यात.

पैसे खर्च करायचे असतील तर ते बुटांवर करावेत. दिवसभर चालून पाय थोडे सुजलेले असतात, म्हणून बूट संध्याकाळी, जाड मोजे घालूनच पाहावेत. उतारावर बोटे पुढे आदळू नयेत इतकी, सुमारे अंगठ्याच्या रुंदीची, जागा पुढे मोकळी असावी. आपल्याकडील मुरमाड उतारांवर गुळगुळीत सोल हमखास घसरतो. सोलाची नक्षी खोल असणे हे बुटाच्या दिसण्यापेक्षा महत्त्वाचे आहे. नवे बूट थेट डोंगरावर नेऊ नयेत, आधी रोजच्या चालण्यात वापरून मऊ करावेत.

अंथरुणासाठी हवा भरायची गादी मोह पाडते, पण बाभळी-बोरींच्या काट्यांच्या मुलखात ती पहिल्याच रात्री बसण्याची शक्यता दाट. साधी फोमची मॅट स्वस्त, हलकी आणि निर्धास्त. स्लीपिंग बॅग घेताना तिच्यावर लिहिलेल्या दोन तापमानांपैकी ‘कम्फर्ट’ हा आकडा पाहावा. दुसरा आकडा थंडी कशीबशी निभावण्याचा असतो. मराठवाड्याचा हिवाळा सौम्य, असे समजणाऱ्यांनी परभणीचा पारा कधीकधी ५ अंशांच्याही खाली जातो हे लक्षात घ्यावे. पाच अंश कम्फर्टची बॅग आणि कानटोपी येथे पुरते. उणे दहाची बॅग म्हणजे विनाकारण ओझे. तंबू लागलाच तर पहिल्यांदा भाड्याने किंवा मित्राकडून घ्यावा व दोघांत वाटून न्यावा.

चुलीची किंवा गॅसची गरज एका रात्रीसाठी मुळीच नसते. धपाटे, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी हिवाळ्यात दुसऱ्या दिवशीही उत्तम लागतात, शिवाय वाळलेल्या गवताला आग लागण्याची भीतीही उरत नाही. त्या गवताची कुसळे लोकरी कापडात रुतून बसतात, म्हणून पँट लांब आणि गुळगुळीत कापडाची असावी. चालताना सुती टी-शर्टऐवजी लवकर वाळणारा सिंथेटिक टी-शर्ट घालावा. हेडटॉर्च, शिट्टी, ओआरएसच्या पुड्या, क्रेप बँडेज आणि नेहमीची औषधे एवढे किरकोळ सामान पुरेसे आहे.

हे सर्व जमिनीवर मांडल्यावरच सॅकचे दुकान गाठावे. एका रात्रीसाठी ४० ते ५० लिटरची सॅक भरपूर होते. मान खाली झुकवल्यावर मागे जे हाड वर येते, तेथून कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेपर्यंतची लांबी घरीच टेपने मोजून घ्यावी आणि सॅकची पाठ तिच्याशी जुळवून पाहावी. दुकानात सॅकमध्ये वजन भरायला सांगावे. कमरपट्टा आवळल्यावर भार खांद्यांवरून उतरून कमरेवर आला नाही, तर ती सॅक कितीही देखणी असली तरी घेऊ नये. भरताना स्लीपिंग बॅग तळाशी, पाणी पाठीला लागून मध्यभागी आणि वारंवार लागणाऱ्या वस्तू वर ठेवाव्यात.

मुक्कामाआधी एखाद्या रविवारी पाण्यासह भरलेली सॅक घेऊन देवगिरी किल्ला चढून यावा. कोणता पट्टा कुठे काचतो ते पायऱ्यांवर समजते, आणि हेडटॉर्चची परीक्षा अंधारीत, म्हणजे किल्ल्यातील काळोख्या भुयारी वाटेत होते. पहिल्या मुक्कामानंतर न वापरलेल्या वस्तू पुढच्या यादीतून काढून टाकाव्यात. औषधे आणि शिट्टी मात्र न वापरताही सोबत राहू द्यावीत.