खाऱ्या वाऱ्यात टिकणारी ग्रीस गन घेताना

पोकलेनच्या सांध्यांतल्या पिन-बुशांना (जाड खिळा आणि त्याभोवतीचं कडं) वेळेवर ग्रीस मिळतं की नाही, हे बऱ्याचदा हेल्परच्या हातातल्या गनवर ठरतं. कपलरच्या, म्हणजे गनच्या टोकाच्या पकडीच्या, बाजूनं ग्रीस बाहेर ओघळतंय, दहा स्ट्रोक मारले तरी बुशमध्ये काही जात नाही, अशी गन असली की चार सोपे निप्पल (मशीनवरची ग्रीस आत घेणारी छोटी टोकं) मारले जातात आणि अडचणीतले राहून जातात. त्यात हेल्परचा कामचुकारपणा नसतो. चिरेखाणीत हे फार महाग पडतं, कारण जांभ्याची लाल धूळ कोरड्या बुशमध्ये शिरली की पॉलिश पेपरसारखी पिन घासत राहते. म्हणून गन घेताना बॅरलच्या (ग्रीस भरायच्या नळकांड्याच्या) चकाकीपेक्षा हेड (पुढचा, लिव्हर असलेला भाग), होज (लवचिक नळी) आणि कपलर बघा. गन बिघडते ती याच तीन ठिकाणी.

जड मशीनला दोन हातांची लिव्हर गनच घ्या. एका हातानं चालणारी पिस्तूल गन मशीनखाली आडवं पडून काम करताना सोयीची असते, पण तिचा लिव्हर आखूड असल्यामुळे सुकलेल्या ग्रीसनं बुजलेल्या निप्पलपुढे तिचं काही चालत नाही. कामाचा दाब किमान ४०० बार, म्हणजे साधारण ५,८०० पीएसआय लिहिलेला असावा. खोक्यावर १०,००० पीएसआय छापलेलं असलं तर तो रोजच्या कामाचा दाब आहे की कमाल, हे दुकानदाराला विचारून घ्या. दाब जास्त हवा तर प्लंजर, म्हणजे हेडमध्ये ग्रीस पुढे ढकलणारा दांडा, बारीक लागतो, आणि प्लंजर बारीक असला की एका स्ट्रोकला ग्रीस कमी पडतं. बहुतेक लिव्हर गन एका स्ट्रोकला पाऊण ते दीड ग्रॅम देतात. आपली गन किती देते ते एकदा मोजाच: प्लॅस्टिकच्या तुकड्यावर २० स्ट्रोक मारा, इलेक्ट्रॉनिक काट्यावर वजन करा, २० नं भागा. मॅन्युअलमध्ये ग्रीस ग्रॅममध्ये दिलेलं असेल तर हेच वजन उपयोगी पडतं. हा आकडा हाताशी नसेल तर किती स्ट्रोक मारायचे हा नुसता अंदाज उरतो.

हेड लोखंडी की ॲल्युमिनियमचं, हे रंगामुळे कळत नाही. खिशात छोटं चुंबक ठेवा आणि लावून बघा. डाय-कास्ट ॲल्युमिनियमचं हेड हलकं असतं, कोरड्या हवेच्या भागात चालूनही जातं. आपल्याकडे कोकणात समुद्राच्या खाऱ्या दमटपणात लोखंडी बॅरल आणि ॲल्युमिनियमचं हेड एकमेकांना लागून राहिले की आट्यांत पांढरी भुकटी धरते, हेड जाम होतं, आणि पाईप पान्यानं जोर लावला की आटेच सोलून निघतात. गन मिरकरवाडा किंवा हर्णै बंदरावर ट्रॉलरच्या विंचसाठी वापरायची असेल तर ॲल्युमिनियमचं हेड घेऊच नका.

पैसे देण्याआधी दुकानातच एक चाचणी करा. गनमध्ये थोडं ग्रीस भरा, हवा काढा आणि तोंड बंद करणारा प्लग आट्यांवर फिरवून घट्ट बसवा. मग लिव्हर दाबून जोर कायम ठेवा. लिव्हर दगडासारखा अडून राहिला तर प्लंजर नीट बसलेला आहे. हळूहळू खाली जात राहिला तर ग्रीस प्लंजरच्या मागून निसटतंय. ही गन नवी असतानाच अशी असेल तर घेऊ नका. बॅरलवर पोचा नसावा. छोटा पोचा असला तरी आतला रबरी वॉशर तिथेच अडकतो, आणि गन भरलेली असूनही रिकामी असल्यासारखी वागते.

कपलरच्या तोंडात वाकून बघा. आत निप्पलला धरणारे तीन-चार जबडे असतात. त्यांच्या कडा धारदार आणि सारख्या असायला हव्यात. धूळ लागलेल्या निप्पलवर कपलर दाबत राहिलं की हेच जबडे आधी झिजतात आणि दाब चढला की कपलर उडून येतं. म्हणून निप्पल आधी फडक्यानं पुसायचा, मग कपलर लावायचं. काढताना सरळ ओढू नका, थोडं तिरकं करा, दाब सुटतो आणि कपलर निघतं. खटक्याचं लॉकिंग कपलर बकेटच्या खालच्या पिनांना उत्तम, कारण एक हात मोकळा राहतो. गनबरोबर त्याच दिवशी दोन जादा कपलर, एक जादा होज आणि वॉशरचा संच घ्या. ज्या गनचे सुटे भाग चिपळूण, रत्नागिरी किंवा कुडाळला मिळत नाहीत ती गन स्वस्त असली तरी सोडून द्या.

होज ३०० ते ४५० मिलिमीटरची पुरते. तिच्यावर कामाचा दाब छापलेला असावा आणि तो गनपेक्षा कमी नसावा. निप्पल ग्रीस घेत नसेल तर लिव्हरला पाईप घालून जोर वाढवायची सवय अनेक साइटवर आहे. ती बंद करा. आधी बकेट जमिनीवर टेकवून पिनवरचा भार काढा, पुन्हा मारून बघा, तरीही जात नसेल तर निप्पल बदला. निप्पलची किंमत नगण्य आहे. दाबाखाली फुटलेल्या होजमधून ग्रीस बोटात घुसू शकतं. जखम सुईच्या टोकाएवढी दिसते आणि सुरुवातीला फारशी दुखतही नाही, पण आत बोट सडायला लागतं. अशा वेळी वाट न बघता थेट मोठं हॉस्पिटल गाठायचं आणि ‘दाबाखाली ग्रीस आत गेलंय’ हेच शब्द डॉक्टरांना सांगायचे.

बॅटरी गन पाच-सहा मशीनच्या ताफ्याला परवडते. मात्र हाताला दाब जाणवत नसल्यामुळे स्लू बेअरिंगचे (मशीनचा वरचा भाग ज्यावर फिरतो त्या बेअरिंगचे) सील तिनं पटकन फाटतात. तिथे लिव्हर गनच वापरा, थोडे स्ट्रोक, मग वरचा भाग थोडा फिरवून पुन्हा.

भरताना सुट्या ग्रीसच्या बादलीत हात घालू नका. बॅरलचं उघडं तोंड ग्रीसमध्ये बुडवून मागचा दांडा सावकाश ओढा, घाई केली की पोकळी राहते. हेड बसवताना दोन आटे सैल ठेवा, दांडा मोकळा करा, आट्यांतून ग्रीस डोकावेपर्यंत स्ट्रोक मारा आणि मग घट्ट आवळा. नवी गन धरत नाही अशी तक्रार येते तेव्हा बहुतेकदा आत हवाच अडकलेली असते. ग्रीस एनएलजीआय २ (घट्टपणाचा दर्जा) चं ईपी, म्हणजे जास्त दाब सोसणारं, असावं. पिन-बुशला मॉलिब्डेनम असलेलं चांगलं. पाण्यात बुडणाऱ्या भागांना कॅल्शियम सल्फोनेटचं ग्रीस खाऱ्या पाण्यातही सहजासहजी धुपत नाही.

पावसाळ्यात चिरेखाणी बंद असतात, जून-जुलैच्या मासेमारीबंदीत ट्रॉलर किनाऱ्याला लागतात, आणि गनला गंज चढतो तो याच पडून राहण्याच्या काळात. ठेवण्याआधी गन पूर्ण रिकामी करा, हेड उघडून आट्यांना आणि मागच्या दांड्याला ग्रीसचा पातळ हात द्या, कपलरला प्लॅस्टिकची टोपी घाला. रोजच्या वापरातही काम संपलं की दांडा ओढून खाचेत अडकवा. स्प्रिंगचा दाब सतत राहिला तर ग्रीसमधलं तेल गळून जातं आणि मागे ग्रीसला घट्टपणा देणारा सुका साबण उरतो. उन्हात तापणाऱ्या केबिनमध्ये तर हे लवकर दिसतं, म्हणून गन टूलबॉक्समध्ये, आडवी, जाड कापडात गुंडाळून ठेवा.