जानेवारीच्या मॅरेथॉनसाठी लांब पल्ल्याचा सराव कसा करावा

मुंबई मॅरेथॉन साधारणतः जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी होते. त्यामुळे पूर्ण ४२.१९५ किलोमीटर धावायचे असतील, तर सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापासून रविवारचा लांब पल्ल्याचा सराव सुरू करावा. तोपर्यंत १० ते १२ किलोमीटर न थांबता, फारसे न दमता धावता यायला हवेत. ते जमत नसेल, तर यंदा अर्धमॅरेथॉन धावावी आणि पूर्ण मॅरेथॉन पुढच्या वर्षी करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिल्या रविवारी १२, मग १४ आणि १६ किलोमीटर धावावे, आणि चौथ्या रविवारी पुन्हा १२ वर यावे. याच रीतीने ऑक्टोबर संपता संपता २० ते २२, नोव्हेंबरअखेर २८ आणि डिसेंबरात एकदा ३० व एकदा ३२ किलोमीटरपर्यंत पोहोचता येते. दर चौथ्या आठवड्यातील घट टाळू नये, कारण हृदय आणि फुप्फुसे लवकर सरावतात, पण स्नायुबंध आणि हाडे यांना नव्या भाराशी जुळवून घ्यायला अधिक वेळ लागतो.

सर्वाधिक चुका होतात त्या वेगाच्या बाबतीत. स्नायूंत आणि यकृतात साठवलेले ग्लायकोजेन (ऊर्जेसाठी राखलेली साखर) बहुतेकांना सुमारे ३० किलोमीटरपर्यंतच पुरते. संथ धावण्याने शरीर चरबीचा वापर अधिक प्रमाणात करायला शिकते आणि स्नायूंतील केशवाहिन्यांचे जाळे वाढते. वेगाने धावल्यास ग्लायकोजेन लवकर संपते, थकवा पुढचे तीन-चार दिवस उतरत नाही आणि आठवड्यातला उरलेला सराव बिघडतो. म्हणून मॅरेथॉनसाठी ठरवलेल्या वेगापेक्षा किलोमीटरमागे पाऊण ते एक मिनिट सावकाश धावावे आणि सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता येते आहे ना, हे अधूनमधून पाहावे.

साडेचार तासांत मॅरेथॉन पूर्ण करू पाहणाऱ्याचा वेग किलोमीटरमागे सुमारे ६ मिनिटे २४ सेकंद असतो, तेव्हा त्याने सराव सव्वासात मिनिटांच्या आसपास करावा. या गतीने ३२ किलोमीटरला जवळजवळ चार तास लागतील आणि साडेतीन तासांनंतरच्या धावण्यातून लाभ कमी, दुखापतीचा धोका मात्र जास्त, असे होते. अशा धावपटूने साडेतीन तास होताच, म्हणजे सुमारे २९ किलोमीटरवर, थांबावे. ३२ चा आकडा गाठला नाही म्हणून तयारी अपुरी राहिली, असे मुळीच मानू नये.

ऑक्टोबरच्या उकाड्यात आणि किनाऱ्यावरच्या दमट हवेत घाम नीट वाळत नाही, त्यामुळे तेवढ्याच वेगाला हृदयाचे ठोके वाढतात. या महिन्यात पहाटे पाचच्या सुमारास निघावे आणि घड्याळातल्या वेगापेक्षा श्वासाकडे लक्ष द्यावे. पाणी किती प्यावे, हे ठरवण्यासाठी धावण्याआधी आणि नंतर वजन करावे. दोन तासांत १ किलो वजन घटले आणि वाटेत अर्धा लिटर पाणी प्यायले असेल, तर घामावाटे तासाला सुमारे पाऊण लिटर पाणी गेले. ते सगळे भरून काढण्याची गरज नसते. तहान लागेल तसे प्यावे. गेलेल्या घामापेक्षा जास्त पाणी प्यायल्याने रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. ओआरएस घ्यायचे असल्यास पाकिटावर दिले असेल तेवढ्याच पाण्यात मिसळावे.

आदल्या रात्री नेहमीचे वरण-भातासारखे साधे जेवण आणि पहाटे एखादे केळे पुरेसे असते. दीड तासाहून अधिक धावायचे असेल, तेव्हा पाऊण तासानंतर खायला सुरुवात करून तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पोटात जातील असे पाहावे. एका मध्यम केळ्यातून किंवा चार-पाच लहान खजुरांतून सुमारे २५ ग्रॅम मिळतात. स्पर्धेत जेल (पाकिटातले कर्बोदकांचे दाट मिश्रण) घ्यायचे असेल, तर तेच जेल, तेच बूट आणि तेच मोजे सरावात किमान तीन वेळा वापरून पाहावेत. मांड्या आणि काखा घासत असतील, तर निघण्यापूर्वी व्हॅसलीन लावावे.

मुंबईच्या मार्गावर पेडर रोडचा चढ परतीच्या वाटेवर, पाय थकल्यानंतर येतो. यासाठी नोव्हेंबरपासून लांब पल्ल्याच्या शेवटच्या पाव भागात एखादा चढ किंवा उड्डाणपूल मुद्दाम घ्यावा, आणि तो वेग न धरता लहान पावलांनी चढावा. चाल बदलायला लावणारे दुखणे, छातीत दुखणे किंवा चक्कर यांपैकी काहीही जाणवल्यास तिथेच थांबावे. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांनी सराव सुरू करण्यापूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

शेवटची सर्वांत लांब धाव स्पर्धेच्या तीन आठवडे आधी आटोपावी, त्यानंतरच्या रविवारी २२ आणि मग १४ किलोमीटर धावावे. आजारपणामुळे किंवा प्रवासामुळे एखादी मोठी धाव हुकली, तर ती जानेवारीत भरून काढू नये, कारण तिचा लाभ मिळायला वेळ उरलेला नसतो आणि थकवा मात्र स्पर्धेच्या दिवसापर्यंत राहतो.