कालावधी साठवायचा कसा, दाखवायचा कसा

दुपारचे साडेतीन ही वेळ, साडेतीन तास हा कालावधी. प्रोग्राम लिहिताना दोघांना एकाच डेटा टाइपमध्ये कोंबू नका.

साठवण सोपी आहे: सर्वांत लहान एकक ठरवा आणि एकाच पूर्णांकात ठेवा. गो भाषेतला ड्युरेशन हा टाइप ६४ बिटांच्या पूर्णांकात नॅनोसेकंद मोजतो आणि त्यात सुमारे २९० वर्षे मावतात. फ्लोट (संगणकातली दशांश संख्या) नको, ०.१ बायनरीत नेमका बसत नाही आणि बेरजांगणिक चूक साचत जाते. मोजताना मोनोटॉनिक घड्याळ (कधीच मागे न जाणारे) वापरा, कारण सिस्टिमचे घड्याळ मागेही सरकते.

महिने सेकंदांत बदलू नका. महिना २८ ते ३१ दिवसांचा असतो, आणि उन्हाळी वेळ पाळणाऱ्या देशांत घड्याळ एक तास बदलते त्या तारखेला दिवसही २३ किंवा २५ तासांचा होतो. जावाने ड्युरेशन (सेकंदांतला कालावधी) आणि पिरियड (वर्षे, महिने, दिवस) वेगळे ठेवले ते याचसाठी. ‘महिना म्हणजे ३० दिवस धरा’ असे सांगणाऱ्याचे ऐकू नका.

खरी कसोटी फॉरमॅटिंगची. मला सर्वांत जास्त छळले ते याच टप्प्याने. बहुतेक ठिकाणी सांगतात: तास काढा, मिनिटे काढा, उरलेले सेकंद राउंड करा. हा क्रमच चुकीचा आहे. ३५९९.७ सेकंद घ्या. आधी तोडले तर ० तास, ५९ मिनिटे, ५९.७ सेकंद, मग राउंड केले की पडद्यावर ०:५९:६०. म्हणून आधी संपूर्ण संख्या राउंड करा, मगच तोडा. ३६०० होतात आणि १:००:०० बिनचूक उमटते.

राउंड कुठल्या दिशेने, हेही आधी ठरवा. स्टॉपवॉचमध्ये अपूर्ण सेकंद सोडून द्या. उलट मोजणीत मात्र वर न्या. नाहीतर थोडा वेळ शिल्लक असतानाच शून्य दिसते आणि वापरणाऱ्याचा विश्वास उडतो.

आता ऋण कालावधी. उणे ९० सेकंदांना ६० ने भागले, तर पायथनमध्ये भागाकार उणे २ आणि बाकी ३० येते. जावात उणे १ आणि उणे ३०. पायथनचा टाइमडेल्टा (कालावधीचा टाइप) तर उणे ९० सेकंद ‘उणे १ दिवस, २३:५८:३०’ असे छापतो. हे कुणालाही दाखवण्याजोगे नाही. चिन्ह बाजूला काढा, उरलेली संख्या तोडा, शेवटी चिन्ह जोडा. मात्र चिन्ह राउंड केल्यानंतरच ठरवा, नाहीतर उणे ०.३ चे ‘उणे ०:००’ होते.

टाइमडेल्टामधले ‘सेकंड्स’ म्हणजे एकूण सेकंद नव्हेत. एक दिवस आणि पाच सेकंदांसाठी तिथे फक्त ५ मिळतात. ‘टोटल_सेकंड्स’ वापरा.

एकवचन-अनेकवचन स्वतः लिहू नका, लोकेल लायब्ररीवर (भाषेचे नियम सांभाळणाऱ्या तयार कोडवर) सोपवा. अरबीत त्याचे सहा प्रकार आहेत. दोन प्रणालींमध्ये पाठवायला आयएसओ ८६०१ (तारीख-वेळ लिहिण्याचे आंतरराष्ट्रीय मानक) ठीक, फक्त ‘टी’ विसरू नका: ‘पी१एम’ म्हणजे महिना, ‘पीटी१एम’ म्हणजे मिनिट.

चाचणीत ५९.६, ३५९९.७, ८६३९९.९ आणि उणे ०.३ हे आकडे असलेच पाहिजेत.