मॅचच्या आधीचा होमवर्क: दोन देशांच्या फुटबॉल मॅचचं बॅकग्राउंड कसं काढायचं

आमच्या मॅच बघणाऱ्या ग्रुपमधे मोठी मॅच असली की आदल्या रात्री कोणीतरी मेसेज टाकतंच, "अरे याचं बॅकग्राउंड काय आहे, थोडक्यात टाक ना", आणि ते काम गेली काही वर्षं माझ्या गळ्यात पडलंय. सुरुवातीला मी काय करायचो, तर हेड टू हेड शोधायचो, याने इतक्या जिंकल्या त्याने तितक्या, खाली रँकिंग चिकटवायचं, झालं काम. एकदा असंच छातीठोकपणे लिहिलं की ही टीम समोरच्यांना कित्येक वर्षांत हरलेलीच नाही, आज टेन्शन नाही, आणि नेमकी दोन गोलनी हरली. मग नीट बघितलं तर त्या "न हरलेल्या" मॅचपैकी बहुतेक फ्रेंडली, म्हणजे कुठल्याच स्पर्धेत न मोजल्या जाणाऱ्या, त्याही इतक्या जुन्या की त्यातला एकही प्लेअर आता खेळत नव्हता. ग्रुपवर माझी जी काढली ती अजून अधूनमधून काढतात.

तर आता मी काय करतो ते सांगतो. अर्धा-पाऊण तास लागतो, जास्त नाही.

पहिलं म्हणजे इतिहासात शिरूच नका, आधी ही मॅच कसली आहे ते बघा. फ्रेंडली, क्वालिफायर (मोठ्या स्पर्धेत जागा मिळवायची), स्पर्धेच्या ग्रुपमधली, की नॉकआउट (हरलं की बाहेर)? आणि आज कोणाला नक्की काय हवंय? एकाला ड्रॉ चालणार असेल आणि दुसऱ्याला जिंकणंच भाग असेल तर ती मॅच वेगळीच खेळली जाते. १९८२ च्या वर्ल्ड कपमधलं पश्चिम जर्मनी विरुद्ध ऑस्ट्रिया बघा, स्पेनमधल्या खिखोनला झालेली. त्याच ग्रुपमधल्या अल्जीरियाची शेवटची मॅच आदल्या दिवशीच उरकलेली, त्यामुळे दोघांनाही गणित आधीच माहीत होतं की जर्मनी एक किंवा दोन गोलनी जिंकली की दोघंही पुढे आणि अल्जीरिया घरी. दहाव्या मिनिटाला जर्मनीच्या ऱ्हुबेशने गोल केला आणि नंतर ऐंशी मिनिटं दोन्ही टीम एकमेकांना सांभाळून घेत बॉल इकडून तिकडे फिरवत बसल्या. स्कोअर १-०. नुसता स्कोअर वाचला तर वाटेल चुरशीची मॅच झाली! ग्रुपमधल्या शेवटच्या दोन मॅच आता एकाच वेळी सुरू होतात त्या या भानगडीमुळेच.

यालाच जोडून स्पर्धेचे नियम वाचा, कंटाळा येतो माहितीये पण वाचाच. पॉइंट सारखे झाले तर आधी काय बघतात, गोल डिफरन्स (मारलेले वजा खाल्लेले गोल) की आपापसातली मॅच? २०२२ पर्यंत वर्ल्ड कपमधे आधी गोल डिफरन्स बघायचे आणि युरोमधे आधी आपापसातली मॅच, म्हणजे तोच ग्रुप, तेच स्कोअर, आणि बाहेर जाणारी टीम वेगळी निघू शकते. २०१८ च्या वर्ल्ड कपला जपान आणि सेनेगल यांचं पॉइंट, गोल डिफरन्स, केलेले गोल, आपापसातली मॅच सगळं सेम टू सेम झालं, आणि जपान पुढे गेलं ते कशावर, तर त्यांची यलो कार्डं चार आणि सेनेगलची सहा. म्हणून तर पोलंडविरुद्ध ०-१ ने मागे असूनही जपानवाले शेवटची काही मिनिटं आरामात मागेच पासिंग करत होते आणि प्रेक्षक शिट्ट्या मारत होते. ज्याला नियम माहीत नव्हता त्याला वाटलं यांना वेड लागलं.

आणि नियमाचा बाप म्हणजे बार्बाडोस विरुद्ध ग्रेनाडा, जानेवारी १९९४, कॅरिबियन कपची क्वालिफायर. ही मी कोणालाही सांगतो, ऐकणाऱ्याला आधी खोटीच वाटते. बार्बाडोसला दोन गोलच्या फरकाने जिंकायचं होतं. स्पर्धेत नियम असा होता की एक्स्ट्रा टाइममधे गोल्डन गोल (ज्याने मॅच तिथेच संपते) झाला तर तो दोन गोल धरायचा. बार्बाडोस २-० ने पुढे, सगळं मस्त, आणि ८३ व्या मिनिटाला ग्रेनाडाने एक मारला, २-१. आता उरलेल्या वेळात अजून एक मारण्यापेक्षा बार्बाडोसवाल्यांनी डोकं चालवलं आणि स्वतःच्याच गोलमधे बॉल ढकलला! २-२, म्हणजे एक्स्ट्रा टाइम, म्हणजे दोनवाला गोल मारायचा चान्स. ग्रेनाडाच्या लक्षात आलं की आपल्याला आता कुठल्याही बाजूला एक गोल पुरे, कारण २-३ ने हरलो तरी आपण पुढे, म्हणून ते दोन्हीकडे गोल मारायला धावतायत आणि बार्बाडोस दोन्ही गोल वाचवतंय. शेवटी एक्स्ट्रा टाइममधे बार्बाडोसने मारलाच, स्कोअर ४-२. तेव्हा नियम वाचा, एवढंच.

मग हेड टू हेड. बघायचं नाही असं मी म्हणत नाही, पण आकडा बघायचा नाही, मॅच बघायच्या. शेवटच्या पाच-सहाच घ्या आणि प्रत्येकीसमोर लिहा की कुठे झाली, कशासाठी झाली, टीम फुल स्ट्रेंथ होती का. एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते, पेनल्टी शूटआउटवर जिंकलेली मॅच रेकॉर्डमधे ड्रॉ धरतात. दुसरं म्हणजे देशांची नावं. पश्चिम जर्मनीचं सगळं रेकॉर्ड फिफा जर्मनीच्या खात्यात धरतं आणि सोव्हिएत युनियनचं रशियाच्या, म्हणून जुन्या यादीत वेगळं नाव दिसलं की गोंधळू नका.

टीम फुल स्ट्रेंथ होती का हे मी जे म्हणतोय त्याचं सगळ्यात भारी उदाहरण १९५४ चा वर्ल्ड कप. हंगेरीने ग्रुपमधे पश्चिम जर्मनीला ८-३ ने तुडवलं. पंधरा दिवसांनी फायनलला परत तेच दोघं, तुम्ही त्या दिवशी बॅकग्राउंड लिहिताय, काय लिहाल? ८-३, हंगेरी चार वर्षं हरलेली नाही, विषय संपला. पण त्या ८-३ ला जर्मनीचा कोच हेर्बेर्गरने बरेच मेन प्लेअर बसवले होते, कारण फॉरमॅट असा होता की हरले तरी प्लेऑफमधे तुर्कस्तान समोर येणार आणि त्यांना नुकतंच ४-१ ने हरवलेलं. त्यात भर म्हणजे त्याच मॅचमधे हंगेरीचा कॅप्टन पुश्काशच्या घोट्याला लागलं, मधल्या दोन मॅच तो खेळू शकला नाही, आणि फायनलला पूर्ण फिट नसताना उतरला. बर्नला पाऊस, आठ मिनिटांत हंगेरी २-० ने पुढे, आणि शेवटी ३-२ ने जर्मनी जिंकली. म्हणजे ८-३ मधला स्कोअर कामाचा नव्हताच, कामाचा होता तो घोटा.

रँकिंगबद्दल थोडक्यात. २०१८ पासून फिफाने बुद्धिबळातल्या ईलोसारखी पद्धत आणलीये, तगड्या टीमला हरवलं तर जास्त पॉइंट, आणि मॅचचं वजनही वेगळं, साधी फ्रेंडली ५ किंवा १०, क्वालिफायर २५, वर्ल्ड कपची मॅच ५० आणि क्वार्टर फायनलपासून ६०. त्यामुळे रँकिंग आधीपेक्षा बरंय, तरी यजमान देशाचं असेल तर जपून, कारण तो बहुतेक वेळा क्वालिफायर खेळत नाही आणि नुसत्या फ्रेंडलीवर फारसे पॉइंट मिळत नाहीत. जुन्या पद्धतीत २०१३ च्या जूनमधे २०१४ चा यजमान ब्राझील २२ वी होती, आणि त्याच महिन्यात कॉन्फेडरेशन्स कपच्या फायनलला वर्ल्ड चॅम्पियन स्पेनला ३-० ने धुतलं.

कोण नाहीये ते बघा, फक्त दुखापती नाही तर कार्डंसुद्धा. २००२ च्या वर्ल्ड कपच्या सेमीफायनलला जर्मनीच्या बालाकला यलो कार्ड मिळालं, कार्डं साठली की पुढच्या मॅचची बंदी, म्हणून तेव्हाच कळलं की त्याची फायनल गेली, तरी चारच मिनिटांनी त्यानेच गोल मारून जर्मनीला फायनलला नेलं, आणि फायनलला बाहेर बसून ब्राझीलकडून ०-२ ची हार बघितली. असं काहीतरी दर दुसऱ्या मॅचमधे सापडतं, शोधायला दोन मिनिटं लागतात.

जागा पण बघा. बोलिव्हिया घरी खेळत असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवा आणि आधी उंची लिहा, बोलिव्हिया वर्षानुवर्षं जिथे घरच्या मॅच खेळली ते ला पाझ समुद्रसपाटीपासून साधारण ३,६०० मीटरवर आहे, पाहुणी टीम दुसऱ्या हाफला तोंड उघडून श्वास घेत असते. एप्रिल २००९ मधे तिथे अर्जेंटिना ६-१ ने हरली, मेसी खेळत असताना, कोच मॅराडोना असताना. गंमत म्हणजे एवढ्या उंचीवर मॅच नकोत असं फिफा म्हणत होतं तेव्हा वर्षभर आधी हाच मॅराडोना ला पाझला जाऊन बोलिव्हियाच्या बाजूने खेळून आला होता.

आता येतो सगळ्यांचा आवडता भाग, जुनं वैर. इथे माझा नियम एकच, जे आजच्या मैदानावर अजून जिवंत आहे तेवढंच लिहा. इंग्लंड-अर्जेंटिना घ्या. १९६६ च्या क्वार्टर फायनलला वेम्बलीवर अर्जेंटिनाचा कॅप्टन रात्तिन बाहेर काढला गेला आणि तो बराच वेळ जायलाच तयार नव्हता, रेफ्री जर्मन, हा स्पॅनिश बोलणारा, कोणाला काही कळेना. अशा गोंधळातूनच यलो-रेड कार्डांची कल्पना निघाली आणि १९७० पासून ती वर्ल्ड कपमधे आली. १९८२ ला फॉकलंडचं युद्ध. चारच वर्षांनी २२ जून १९८६, मेक्सिकोतलं अझ्टेका स्टेडियम, वर्ल्ड कपची मॅच, मॅराडोनाचा हाताने मारलेला गोल आणि चार मिनिटांनी अर्ध्या टीमला चकवून मारलेला दुसरा. १९९८ ला इंग्लंडच्या बेकहॅमने अर्जेंटिनाच्या सिमिओनेला लाथ मारली, रेड कार्ड, पेनल्टीवर इंग्लंड बाहेर. २००२ ला साप्पोरोमधे त्याच बेकहॅमने पेनल्टी मारून १-० ने जिंकवलं. बघा, प्रत्येक मॅच मागच्या मॅचचं उत्तर आहे, म्हणून हे सगळं एका ओळीत बसतं आणि वाचणाऱ्याला कंटाळा येत नाही. पण कुठल्यातरी दोन देशांत दोनशे वर्षांपूर्वी लढाई झाली होती म्हणून आज मैदानावर आग लागेल असलं काही लिहू नका, प्लेअरला ते माहीत पण नसतं.

उलटंही होतं, फुटबॉलवर नको ते ढकलतात. होंडुरास आणि एल साल्वाडोर, १९६९, क्वालिफायरच्या तीन मॅच झाल्या आणि महिन्याभरात युद्ध, म्हणून त्याला सरळ "फुटबॉल वॉर" म्हणतात. खरं भांडण जमिनीचं होतं, होंडुरासमधे लाखो साल्वाडोरन लोक राहात, शेती करत होते आणि नव्या जमीन कायद्याने त्यांना हाकलायला सुरुवात झालेली. मॅचने फक्त काडी लावली. एवढी एक ओळ टाकली की तुमचं बॅकग्राउंड इतरांपेक्षा वर जातं.

जिवंत वैर कसं ओळखायचं? टीम लिस्ट उघडा आणि कोण कुठे जन्मलं, आईबाप कुठले ते बघा. २०१६ च्या युरोला अल्बानिया-स्वित्झर्लंड मॅचमधे दोन सख्खे भाऊ समोरासमोर, ताऊलांत झाका अल्बानियाकडून आणि ग्रॅनिट झाका स्वित्झर्लंडकडून, आणि स्टँडमधे आई दोन्ही देशांच्या झेंड्यांचा टीशर्ट घालून बसलेली. दोनच वर्षांनी वर्ल्ड कपला सर्बियाविरुद्ध गोल मारल्यावर ग्रॅनिट आणि त्याच्याच टीममधल्या शाकिरीने हातांनी अल्बानियाचा दोन डोक्यांचा गरुड करून दाखवला, दोघांची मुळं कोसोव्होतली आणि सर्बिया कोसोव्होला देश मानत नाही, फिफाने प्रत्येकी १०,००० स्विस फ्रँक दंड ठोकला. २०२२ च्या वर्ल्ड कपला स्वित्झर्लंड आणि सर्बिया परत एका ग्रुपमधे आले, शाकिरीने परत गोल मारला आणि तोंडावर बोट ठेवलं. ज्यांनी २०१८ चं वाचलं होतं त्यांना ते बोट लगेच कळलं.

लिहिताना सात-आठ ओळींच्या वर जाऊ नका. मी पहिली ओळ कायम "आज कोणाला काय हवंय" ही ठेवतो, मग नियमात काही गोम असेल तर ती, मग कोण नाहीये, जागा, आणि वैर असलं तर शेवटी दोन ओळी. स्कोअरचा अंदाज मी देत नाही, एकदा हात पोळलेत. आदल्या रात्री टाकताना टीमची ओळ मोकळी सोडायची, कारण प्लेइंग इलेव्हन साधारण मॅचच्या तासभर आधी येते आणि तुम्ही ज्याच्यावर तीन ओळी लिहिल्यात तो नेमका बेंचवर निघतो.