शेतात चोर सापडला तर किती मारता येतं?

रावेर-यावलकडे केळीच्या मळ्यात रात्री बोअरची केबल कापणारा हाती लागला की आधी चोप आणि मग पोलीस, अशीच रीत पडली आहे. कायद्याच्या हिशेबात हा क्रम उलटा आहे.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम ३५ तुम्हाला माल वाचवायचा हक्क देतं. कलम ३७ त्याला मर्यादा घालतं: बचावाला लागेल तेवढंच बळ. समजा, चोर कोयता घेऊन अंगावर आला आणि तुम्ही काठीने त्याच्या हातावर मारून कोयता पाडला, तर तो बचाव. पण कोयता लांब पडला, चोर आडवा झाला, केबल परत मिळाली, की कलम ४३ प्रमाणे मालाच्या बचावाचा हक्क तिथेच संपला. त्यानंतर बसलेली प्रत्येक काठी हा तुमचा गुन्हा. हाड मोडलं तर ती गंभीर दुखापत, शिक्षा सात वर्षांपर्यंत.

आता समोरची बाजू बघा. चोरलेल्या मालाची किंमत पाच हजारांच्या आत असेल, पहिलाच गुन्हा असेल आणि माल परत केला, तर चोराला शिक्षा समाजसेवेची, आणि गुन्हा अदखलपात्र, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकत नाहीत. केळीचे चार-पाच घड या रकमेच्या जवळपासही जात नाहीत.

जीव जाईल इतकं बळ मालासाठी कधी चालतं, ते कलम ४१ मध्ये आहे: जबरी चोरी, सूर्यास्तानंतर घरफोडी, राहत्या घराला किंवा माल साठवायच्या जागेला आग, किंवा जीव जाण्याची अथवा गंभीर दुखापतीची रास्त भीती वाटावी अशी चोरी. तिथेही कलम ३७ ची मर्यादा सुटत नाही. उघड्या शिवारातली साधी केबलचोरी यात बसत नाही, म्हणून डोक्यावर वार नको. कुंपणात वीज सोडणं तर सरळ मूर्खपणा. तारेला चोर आणि सालदाराचं पोर यांतला फरक कळत नाही, आणि कोर्टात बचाव म्हणून ते टिकवणं फार अवघड.

चोर धरला की लगेच ११२ ला फोन करा, वेळ लिहून ठेवा, पोलीस पाटलाला बोलवा. पळू नये एवढंच अडवा. तुमच्या डोळ्यांदेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र (जामीन हक्काने मिळत नाही असा) गुन्हा घडला, किंवा तो कोर्टाने फरार घोषित केलेला गुन्हेगार असला, तरच भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० खाली धरता येतं, आणि सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. मागच्या महिन्यातल्या चोरीच्या संशयावरून बाजारात कुणाला धरणं यात येत नाही. अनोळखी माणसाभोवती गर्दी जमली तर आधी ती पांगवा. साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात २०१८ मध्ये नुसत्या अफवेवर पाच जणांचा जीव गेला. पाच किंवा जास्त जणांनी मिळून जात, जन्मस्थान, भाषा अशा कारणावरून खून केला, तर गटातल्या प्रत्येकाला फाशी किंवा जन्मठेप.

बचाव होता हे दाखवायची जबाबदारी तुमच्यावर येते. म्हणून फिर्यादीत मोघम ‘झटापट झाली’ लिहू नका. त्याच्या हातात काय होतं, किती पावलांवर होता, किती जण होते, उजेड कशाचा होता, तुम्ही किती आणि कुठे मारलं, हे सगळं लिहा. कापलेली केबल हलवण्याआधी फोटो काढा. तुम्हाला लागलं असेल तर त्याच रात्री ग्रामीण रुग्णालयात तपासून घ्या. दोन दिवसांनी दाखवलेल्या जखमेवर वकील प्रश्न विचारणारच.